सामाईक कर्मशाळेची रीत

‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. जी वस्तू अनेकांच्या मालकीची, तिची काळजी कोणीच वाहत नाही, हा अनुभव गावच्या चावडीपासून शहरातील चाळीच्या जिन्यापर्यंत सर्वत्र सारखाच येतो. तथापि जिन्यातील दिवा गेला तर अंधार होतो, चावडीची कौले फुटली तर पाणी गळते. हानी होते ती एवढीच. परंतु अनेकांच्या मालकीची जी वस्तू मिनिटाला हजार फेरे घेते, किंवा जिला पाते आहे, ज्वाला आहे, विजेचा दाब आहे, तिच्या बाबतीत हीच बेफिकिरी माणसाची बोटे, डोळे आणि प्रसंगी प्राणही घेऊ शकते. सामाईक कर्मशाळा ही अशाच वस्तूंची जागा आहे, आणि म्हणून तेथील रीतिभाती हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहत नाही.

अशी कर्मशाळा म्हणजे काय, हे आधी सांगावयास हवे. एखाद्या हौशी माणसाला स्वतःच्या हाताने खुर्ची करावयाची असते. एखाद्या शेतकऱ्याला पेरणीच्या औजाराचा तुटलेला भाग घडवून घ्यावयाचा असतो. एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या कल्पनेतील यंत्राचा नमुना उभा करावयाचा असतो. लेथ, ड्रिल, करवतयंत्र, वेल्डिंगचा संच, लेसरने कापणारे यंत्र ही सारी सामग्री घरी आणून ठेवणे यांपैकी कोणालाही परवडणारे नाही, आणि घरात तेवढी जागाही नसते. म्हणून काही मंडळी एकत्र येतात किंवा एखादी संस्था पुढाकार घेते. यंत्रे एका छपराखाली येतात, आणि वर्गणी भरून वा नाव नोंदवून सदस्य झालेला कोणीही तेथे स्वतः काम करू शकतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करता करता शिकावे, हा त्या आश्रमाचा पाया. तेथे २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. त्या संस्थेच्या आवाराबाहेर उभ्या राहिलेल्या जगातील पहिल्या काही फॅब लॅबमध्ये या खेड्यातील कर्मशाळेची गणना होते. मुंबईत २०१३ साली ‘मेकर्स असायलम’ ही अशाच स्वरूपाची जागा सुरू झाली आणि पुढे ती गोव्यात गेली. २०१६ पासून देशभरातील हजारो शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. ऑस्ट्रेलियात तर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी गावोगावी सामाईक शेड उभ्या राहू लागल्या. नोकरी सुटल्यावर एकाकी पडलेल्या माणसाला चार लोकांत बसून काही घडविता यावे, हा त्यामागील हेतू होता.

यांपैकी फॅब लॅबच्या चळवळीची एक लहानशी सनद आहे, आणि ती जगभरच्या फॅब लॅबना लागू आहे. तिच्यात वापरणाऱ्यावर तीन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. माणसांना आणि यंत्रांना इजा होऊ द्यावयाची नाही, ही पहिली. जागेची स्वच्छता, देखभाल आणि सुधारणा यांना हातभार लावावयाचा, ही दुसरी. आणि आपण जे शिकलो त्याची नोंद ठेवून ते दुसऱ्यास शिकवावयाचे, ही तिसरी. माणूस आणि यंत्र या दोहोंची इजा येथे एकाच कलमात घातली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यामागे बरेच शहाणपण आहे, ते पुढे दिसेलच.

आपल्याकडे कर्मशाळेची शिस्त दोन मार्गांनी चालत आलेली आहे. एक सुताराच्या किंवा लोहाराच्या कामठ्यातील. तेथे वस्ताद एक, उमेदवार दोन-तीन. पटाशी कशी धरावी, रंध्याला धार कशी लावावी, कोणत्या हत्याराला हात लावावयाचा नाही, हे सर्व नजरेने आणि क्वचित टपलीने शिकविले जाई. हत्यारे वस्तादाच्या मालकीची, त्यामुळे ती कोठे आहेत हे त्याला अंधारातही ठाऊक असे. दुसरा मार्ग कारखान्याचा. तेथे मालक, फोरमन आणि कामगार अशी उतरंड असते, आणि जबाबदारी कोणाची हे कायदा ठरवितो. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्रांना कुंपण घालण्याचे, डोळ्यांना संरक्षण देण्याचे आणि आणीबाणीत वीज तोडण्याची सोय करण्याचे दायित्व कारखान्याच्या भोगवटादारावर टाकले होते. फिरत्या यंत्राजवळ तपासणी करावयाची तर ती प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच, आणि तीही अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच करावी, असेही त्यात लिहिलेले होते. सामाईक कर्मशाळेत ना वस्ताद, ना फोरमन. सकाळी नऊला बँकेतील निवृत्त अधिकारी लेथवर असतो, अकराला महाविद्यालयातील मुलगी, दुपारी सायकल दुरुस्त करणारा तरुण. त्यांची परस्परांशी ओळख असेलच असे नाही, आणि पुष्कळदा गाठही पडत नाही. एकाने यंत्र ज्या स्थितीत सोडले, त्या स्थितीत ते दुसऱ्याच्या हाती पडते. तेव्हा येथील नियम प्रामुख्याने कोणासाठी आहेत, तर मागून येणाऱ्या आणि न पाहिलेल्या माणसासाठी.

लेथचेच उदाहरण घेऊ. लेथच्या चकमध्ये काम पकडण्यासाठी एक चावी असते. काम घट्ट बसले की चावी काढून ठेवावयाची, हा लेथवरचा पहिला धडा. चावी चकमध्येच राहिली आणि कोणी यंत्र सुरू केले, तर ती गोफणीतील दगडाप्रमाणे भिरकावली जाते. कोणत्या दिशेने, ते सांगता येत नाही. कारखान्यात चावी विसरणारा आणि यंत्र सुरू करणारा बहुधा एकच असतो. सामाईक कर्मशाळेत विसरणारा घरी जाऊन जेवलेला असतो आणि यंत्र सुरू करणारा दुसराच असतो. म्हणून चांगल्या कर्मशाळेत नियम असा असतो की, चावी चकमध्ये असताना तिच्यावरचा हात सुटता कामा नये. हात सुटावयाचा तो चावी जागेवर ठेवल्यानंतरच. हा नियम शिष्टाचाराचा की सुरक्षिततेचा, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. किंबहुना कर्मशाळेत हे दोन निराळे विषय नाहीतच, हे ज्याला पटले त्याला बाकीचे नियम फारसे सांगावे लागत नाहीत.

लेथबद्दल आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण हे यंत्र दिसावयास शांत असते. करवतीचे पाते पाहून नवखा माणूस आपोआप दूर होतो. लेथवर फिरणारा गुळगुळीत लोखंडी गज मात्र त्याला निरुपद्रवी वाटतो. पाच सेंटीमीटर जाडीचा गज मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला दीड मीटरहून अधिक सरकतो. धोका दिसल्यावर हात मागे घ्यावयास चपळ माणसालाही सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात सुमारे ४० सेंटीमीटर केस, बाही किंवा दोरा गजाभोवती गुंडाळला गेलेला असतो. बटण दाबल्यावरही जड चक आणखी काही फेरे घेतो. २०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा असाच अंत झाला. रात्री उशिरा ती कर्मशाळेत एकटीच काम करीत होती, आणि तिचे केस लेथमध्ये अडकले. मुलगी भौतिकशास्त्राची, हुशार, यंत्रांची माहिती असलेली. यंत्र थांबविणारा दुसरा माणूस त्या खोलीत असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यानंतर जगभरच्या विद्यापीठांनी स्वतःला विचारला. एकट्याने यंत्र चालवू नये, हा नियम अनेक ठिकाणी कागदावर होताच, पण त्याची सक्ती झाली ती अशा घटनांनंतर. घरी जाण्यापूर्वी ‘पाच मिनिटांचे काम’ उरकून घेण्याचा मोह ज्याला होतो, त्याने दुसऱ्या सदस्याला तेवढा वेळ थांबावयास सांगण्याचा संकोच करू नये. आणि ज्याला सांगितले, त्यानेही घड्याळाकडे पाहू नये.

वेषाचा प्रश्न येथेच निघतो, आणि आपल्या देशात तो जरा नाजूक आहे. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, लांब बाह्यांचा झब्बा हे यंत्राजवळ चालत नाहीत, हे सर्वांना पटते. परंतु मंगळसूत्र, बांगड्या, बोटातील अंगठी, गळ्यातील गंडा आणि मनगटावरचा देवाचा दोरा यांच्याविषयी बोलताना चालक चाचरतात. अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. मनगटावरचा सुती दोरा तुटत नाही, हात ओढतो. काही जुन्या कायद्यांनी यावर उपाय काढला तो स्त्रियांना फिरत्या यंत्राजवळ येण्याची मनाईच करण्याचा. तो सोपा होता आणि अन्यायाचा होता. उचित मार्ग हा की, नियम सर्वांना एकच असावा: केस बांधलेले आणि टोपीत, बाह्या कोपरापर्यंत, पायात बंद बूट, आणि कोपराच्या खाली व गळ्यात काहीही नको. दागिने ठेवावयास दाराशीच कुलपाचा लहान कप्पा असला तर निम्मा वाद मिटतो. ज्याला दोरा काढणे श्रद्धेला मानवत नाही, त्याने त्या दिवशी हातकामाच्या बाकावर बसावे. कानस, करवत आणि गुण्या घेऊन करण्यासारखे पुष्कळ काम असते.

हातमोज्यांविषयी तर नवख्यांचा हमखास गैरसमज असतो. हातमोजे म्हणजे संरक्षण, अशी त्यांची समजूत. वेल्डिंग करताना, तापलेला पत्रा उचलताना चामड्याचे हातमोजे हवेतच. परंतु लेथवर आणि ड्रिलवर ते मुळीच घालू नयेत; फिरती वस्तू कातडीला ओरखडते आणि सोडते, हातमोज्याला पकडते आणि सोडत नाही. ड्रिलवर दुसरी चूक होते ती लहान पत्रा हाताने धरण्याची. भोक पुरे होण्याच्या क्षणी ड्रिलचे टोक पत्र्यात रुतते आणि पत्राच पात्यासारखा फिरू लागतो. त्याला व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने आवळण्यास अर्धे मिनिट लागते.

करवतयंत्राबद्दल विस्तार करण्याचे कारण नाही, त्याची भीती उपजतच असते. पात्यावरचे आच्छादन काढू नये, लाकूड पाते ज्या दिशेने मागे फेकील त्या रेषेत उभे राहू नये, आणि शेवटचे वीतभर लाकूड बोटांनी न ढकलता काठीने ढकलावे, एवढे पुरे. हातात धरावयाच्या ग्राइंडरबाबत मात्र बेपर्वाई फार आहे. चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. प्रत्येक चकतीवर तिला सोसेल तो कमाल वेग छापलेला असतो, तो ग्राइंडरच्या वेगाहून कमी असता कामा नये. तडा गेलेली चकती फुटली म्हणजे तिचे तुकडे अडविणारे एकच असते, ते म्हणजे तिच्यावरचे लोखंडी आच्छादन. आणि रस्त्यावरच्या कामांत तेच काढून फेकलेले दिसते! बाकावरच्या ग्राइंडरचे दगडी चाक बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलके वाजवून पाहतात. खणखणीत नाद आला तर चाक अखंड, बद्द आवाज आला तर टाकून द्यावे. मडके घेताना आजीबाई हेच करीत असत. त्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नये. मऊ धातूने दगडाची छिद्रे भरतात, चाक तापते, आणि पुढच्या माणसाच्या हाती ते फुटण्याचा संभव वाढतो. येथेही घासणारा एक आणि भोगणारा दुसरा.

आतापर्यंत सांगितलेले धोके क्षणात होणारे आहेत. दुसऱ्या जातीचे धोके उशिरा कळतात, आणि कळतात तेव्हा पुष्कळदा ज्याने चूक केली त्याला कळतच नाहीत. वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण उघड्या डोळ्यांवर पडले, तर त्या वेळी काही वाटत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. वेल्ड करणाऱ्याच्या तोंडावर ढाल असते. त्रास होतो तो पलीकडच्या बाकावर खुर्ची घासत बसलेल्या माणसाला. म्हणून वेल्डिंगच्या जागेला पडदा हवा, आणि ठिणगी पाडण्यापूर्वी ‘डोळे!’ अशी मोठ्याने हाक द्यावयास हवी. जस्ताचा मुलामा असलेला नळ वेल्ड केला तर त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. हिवताप समजून माणूस भलतेच औषध घेतो. लाकडाचा बारीक भुसा हा सुताराला घरच्या धुळीसारखा वाटतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली त्याची गणना कर्करोगास निश्चितपणे कारण होणाऱ्या द्रव्यांत केली आहे. तो झाडूने उडविण्याऐवजी शोषून घेणाऱ्या यंत्राने उचलावा आणि घासकाम करताना नाकावर चांगली पट्टी असावी. लेसरच्या यंत्रात रेक्झिन किंवा पीव्हीसी कधीही घालू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसे जाळतो आणि यंत्राचे लोखंड गंजवितो. वस्तू ओळखता येत नसेल तर तांब्याची तार तापवून तिला लावावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्या वस्तूत क्लोरीन असण्याचा दाट संशय धरावा व ती यंत्राबाहेरच ठेवावी. लेसर चालू असताना चहाला जाणारा सदस्य आग लावून जातो, असेच समजावे.

आगीचे सर्वांत फसवे कारण मात्र एक चिंधी आहे. जवसाच्या तेलाने लाकूड पुसल्यावर उरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता निर्माण होते. ढिगात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, वाढत जाते, आणि काही तासांनी ठिणगीवाचून, काडीवाचून चिंधी पेट घेते. तोवर कर्मशाळा बंद होऊन सर्व घरी गेलेले असतात. अशा चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवाव्यात. आवरून ठेवणे ही एरव्ही चांगली सवय, येथे मात्र चिंध्या नीट घडी करून ठेवणाराच घात करतो.

आता ज्यांना रूढ अर्थाने शिष्टाचार म्हणतात त्यांच्याकडे वळावयाचे. यंत्र चालविणाऱ्या माणसाशी बोलू नये. त्याच्या मागून जाऊन खांद्यावर हात तर मुळीच ठेवू नये. त्याची नजर वर येईपर्यंत समोर, त्याला दिसेल अशा ठिकाणी थांबावे. आपल्या समाजात कोणी आले की हातचे काम टाकून ‘या, बसा’ म्हणण्याची चाल आहे. ती मोठी गोड आहे, परंतु करवतीसमोर ती सोडलीच पाहिजे. हत्यार घेतले तर त्याच्या जागी आपल्या नावाचा बिल्ला अडकवावा. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली असली, म्हणजे काय नाही ते दुरूनही दिसते. पटाशीने रंगाचा डबा उघडणे हा कोणत्याही सुताराच्या दृष्टीने अक्षम्य गुन्हा होय. धार गेलेली पटाशी अधिक जोर मागते, अधिक जोराने घसरते आणि अधिक खोल जखम करते. म्हणून धार लावून हत्यार परत ठेवणे हे सौजन्य आहेच, पण मागून येणाऱ्याच्या डाव्या हाताचे रक्षणही आहे. ठरलेला वेळ संपण्यापूर्वी पंधरा मिनिटे काम थांबवावे, आणि ती पंधरा मिनिटे स्वतःची न समजता पुढच्या माणसाची समजावीत. दसऱ्याला, आणि पूर्व भारतात १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेला, यंत्रे पुसून त्यांना हार घालतात, त्यांना विश्रांती देतात. तो सण आनंदाने करावा. त्या यंत्राने वर्षातील इतर दिवशीही नुसत्या फडक्याची अपेक्षा केली तर ती गैर म्हणता येणार नाही.

यंत्र मोडले, तर काय करावे? येथे खरी परीक्षा असते. मोडले की गुपचूप बाजूला होणे, हा मनुष्यस्वभाव आहे. दंडाची भीती असेल तर तो अधिकच बळावतो. आणि नेमके हेच सर्वांत घातक आहे, कारण सैल झालेले आच्छादन किंवा सोललेली वायर पुढच्या माणसाला दिसत नाही. म्हणून जाणत्या संस्था कामात मोडलेल्या वस्तूचा दंड घेत नाहीत, लपविलेल्या मोडतोडीचा मात्र घेतात. यंत्राचा प्लग काढून त्यावर ‘नादुरुस्त’ अशी लाल चिठ्ठी, खाली तारीख व नाव, एवढे करणे प्रत्येक सदस्यावर बंधनकारक असावे. ती चिठ्ठी लावणाऱ्याचे आभार मानण्याची पद्धत जेथे आहे, तेथे यंत्रेही अधिक काळ टिकतात. अपघाताच्या नोंदवहीत थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही नोंद व्हावी. चावी उडाली आणि भिंतीवर आदळली, कोणाला लागले नाही. हे लिहिले गेले तर पुढची चावी डोक्यात जाणार नाही, अशी आशा करता येते.

सर्वांत अवघड नियम मात्र यंत्राचा नाही, माणसांचा आहे. साठीचे गृहस्थ उभा जन्म कारखान्यात घालवून आलेले. ते चष्मा न लावता ग्राइंडरवर उभे आहेत. विशीतील पोर जवळ जाऊन म्हणतो, “काका, तेवढा चष्मा लावता का?” आणि काका उत्तरतात, “अरे, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून हे करतो आहे मी.” यात खोटे काहीच नाही. परंतु डोळ्यात उडालेला कण माणसाची सेवाज्येष्ठता पाहत नाही, आणि सवय झालेला हातच अधिक वेळा गाफील राहतो. वडिलधाऱ्यांना चूक दाखवू नये, अनोळखी माणसाला शिकवू नये, पदवीधराला हटकू नये, हे आपले संस्कार घरात आणि कचेरीत कितीही शोभले, तरी कर्मशाळेत ते जिवावर बेततात. यावर तोडगा आहे, तो असा की, कोणीही कोणालाही थांबवू शकतो, आणि ज्याला थांबविले त्याने वाद न घालता आधी यंत्र बंद करावे, मग बोलावे, हे सदस्यत्वाच्या अर्जावरच लिहून घ्यावयाचे. लाल बटण दाबणाऱ्याला कारण विचारावयाचे नाही. नियम आधीच मान्य केलेला असला म्हणजे पोराला उद्धटपणाचा दोष लागत नाही आणि काकांनाही कमीपणा वाटत नाही. बहुधा काका हसून चष्मा लावतात, आणि पुढच्या आठवड्यात तेच दुसऱ्याला हटकताना दिसतात. मात्र हटकणाऱ्याने आवाज चढवू नये, चारचौघांत लाज काढू नये; नाहीतर दुखावलेला माणूस पुढच्या वेळी एकटा असताना येऊन काम करतो, आणि तो धोका अधिक मोठा.

याच कारणाने प्रत्येक यंत्राची ओळख निराळी करून दिली पाहिजे आणि ती झाल्याशिवाय त्या यंत्राला हात लावू देऊ नये. अभियांत्रिकीची पदवी हा अपवाद मानू नये. ओळख करून देणाऱ्याने व्याख्यान देऊ नये. शिकणाऱ्याकडून तीनदा यंत्र सुरू करवून तीनदा बंद करवून घ्यावे, बंद करण्याचे बटण डोळे मिटून सापडते का ते पाहावे. ‘मला हे येत नाही’ असे म्हणणाऱ्याला कोणी हसले, तर त्या हसणाऱ्याला समज द्यावी.

इतके करूनही अपघात होतोच. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारा सुरक्षा स्विच प्रत्येक कर्मशाळेत असावा, आणि त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. कण रुतला असेल तर तो काढण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांकडे जावे. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. ११२ हा क्रमांक आणि त्याखाली कर्मशाळेचा पूर्ण पत्ता दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गल्लीचे नावही आठवत नाही.

शेवटी बाहेर पडणाऱ्यावर सर्वांहून जास्त काम असते. मुख्य वीज बंद केली का, वायूच्या नळकांड्यांच्या झडपा मिटल्या का, चिंध्यांच्या डब्यात पाणी आहे का, चकमध्ये चावी राहिली नाही ना, हे त्याने फेरी मारून पाहावे. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग झाले असेल, तर शेवटची ठिणगी पडल्यापासून निदान एक तास कोणीतरी थांबावयास हवे. भुशात शिरलेली ठिणगी तेवढा वेळ धुमसत राहू शकते. म्हणून अनुभवी कर्मशाळांत कुलूप लावण्याच्या वेळेआधी तासभर वेल्डिंगच्या संचाची वीज तोडून टाकतात, आणि तो तास धार लावण्यात, झाडण्यात, नोंदवही लिहिण्यात आणि चहात जातो.